टोर्नेडोचा इशारा मिळाल्यावर घरात कुठे थांबायचं?

चक्रीवादळ येतंय हे दोन-चार दिवस आधी कळतं. टोर्नेडोचं, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेल्या, गरागरा फिरणाऱ्या वाऱ्याच्या सोंडेचं, तसं नाही. इशारा आणि तडाखा यांत अनेकदा 10-15 मिनिटंच मिळतात, कधी तेवढीही नाहीत. म्हणून घरातली आसऱ्याची जागा आजच ठरवा आणि मुलांना घेऊन एकदा तिथपर्यंत जाऊन बघा.

तळघर असेल तर उत्तमच. नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, खिडकी नसलेली लहान खोली निवडा. न्हाणीघर, अडगळीची खोली, जिन्याखालची जागाही चालते. वारा आणि तुम्ही यांच्यामध्ये जितक्या जास्त भिंती, तितकं बरं. मोठा हॉल टाळा, कारण तिथलं छत मधल्या आधाराशिवाय लांबवर पसरलेलं असतं. उंच इमारतीत खाली उतरायला वेळ नसेल, तर आपल्याच मजल्यावरचा मधला, बिनखिडक्यांचा पॅसेज किंवा बंदिस्त जिना गाठा. लिफ्ट मात्र नको. वीज गेली की अडकाल.

सर्वांत जास्त धोका उडून येणाऱ्या वस्तूंचा. विटा, पत्रे, काचा डोक्याला लागतात. म्हणून त्या खोलीत प्रत्येकासाठी हेल्मेट ठेवा, सायकलचंही चालेल. शेजारी जाड तळाचे बूट हवेत, कारण वादळानंतर घरभर काचा असतात आणि लोक अनवाणी बाहेर पडतात. शिट्टी, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक तिथेच असू द्या. गुडघ्यांवर बसून खाली वाका, दोन्ही हातांनी डोकं-मान झाका, वर गादी ओढून घ्या.

दोन जुने समज सोडून द्या. आतला-बाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडल्याने घर वाचत नाही. वारा आत घुसतो आणि मोलाची मिनिटं जातात. काचेवर चिकटपट्टी लावूनही काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे तुकडे उडू शकतात. तो वेळ बाल्कनीतल्या कुंड्या, खुर्च्या आत घ्यायला वापरा, पण हे काम आभाळ भरून येऊ लागतानाच. इशारा वाजल्यावर बाल्कनीत जाऊ नका.

साठा किमान 3 दिवसांचा हवा: माणशी रोज 4 लिटर पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, नेहमीची औषधं, सेलवर चालणारा रेडिओ. वीज गेल्यावर फ्रिज सारखा उघडू नका. दार बंद राहिलं तर आतला थंडावा साधारण 4 तास टिकतो, गच्च भरलेल्या फ्रीझरचा 48 तास.

विजांच्या वादळात शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

नंतर जनरेटर लावायचा तर घरापासून 6 मीटरहून लांब, दारं-खिडक्यांपासून दूर. बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपेतल्या माणसाला कळतच नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेर गेल्यावरच लावा.