उन्हाच्या लाटेआधी गल्लीची तयारी कशी करावी

१९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून जास्त माणसे दगावली. त्यातली बरीचशी वयस्कर आणि एकटी राहणारी होती. म्हणून तयारीची सुरुवात कूलरच्या वर्गणीने नको, यादीने करा.

१. यादी काढा. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, तान्ही मुले, गरोदर बायका, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, उन्हात राबणारे, पत्र्याखाली किंवा सर्वात वरच्या मजल्यावर राहणारे. आजारांची माहिती दोघा विश्वासू माणसांकडेच ठेवा; व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसोपचाराची औषधे घेणाऱ्यांना ऊन लवकर बाधते. त्यांना उन्हाळ्याआधीच डॉक्टरांशी बोलायला सांगा. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

२. दार वाजवणारा ठरवा. अहमदाबादेत २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा आला, म्हणजे लाटेआधी लोकांना इशारे देण्याची योजना. असे इशारे यंत्रणा देते. ते मोबाइल न पाहणाऱ्या आजींच्या दारापर्यंत न्यायचे काम मात्र शेजाऱ्यांचेच. प्रत्येक नावासमोर एक माणूस आणि एक बदली लिहा. लाटेच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ फेरी हवी. दाराबाहेरून ‘बरं आहे ना?’ विचारलेत तर उत्तर ‘हो’च येणार. आत जा, बसा आणि नेमके विचारा: सकाळपासून पाणी किती प्यायलात? लघवी किती वेळा झाली, रंग गडद होता का? रात्री झोप लागली? बोलणे अडखळते आहे का, तेही कळते. (डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर आग्रह नको.)

३. रात्रीचे तापमान मोजा. साधा थर्मामीटर पत्र्याच्या घरात, वरच्या मजल्यावर आणि तळमजल्यावर आलटून पालटून ठेवा आणि रात्री दहाला आकडा लिहा. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते, त्यामुळे शरीराला विसावा मिळत नाही. गारव्याची सामायिक खोली या आकड्यांवरून निवडा; सर्वात मोठा हॉल सर्वात गार असेलच असे नाही. तापणाऱ्या छताला चुना किंवा पांढरा रंग लावा. पडदा खिडकीच्या आतून लावण्यापेक्षा बाहेरून आडोसा केलेला बरा. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओले करायला हवे.

४. उष्माघात ओळखा. अंग तापलेले आणि माणूस बरळतोय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपली: रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

५. पावसाळ्यासाठी तीच फळी वापरा. आठवड्यातून एक दिवस सगळ्या घरांनी पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर रिकामे करायचे आणि पिंपे आतून घासायची. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने तग धरतात.

लाट ओसरली की आठवड्याच्या आत यादी घेऊन बसा. कोण घर सोडून गेले, कोण नवे आले, कोणत्या दारापर्यंत एकदाही कोणी पोचले नाही, ते बघा. त्या नावासमोर तेव्हाच दुसरा माणूस लिहा.