घरचं हॉटेल आणि धंद्याचा नाद

हॉटेलवाल्याच्या घरात जन्मलं की धंदा आपसूक येतो, असं लोक धरून चालतात. आपसूक येतं ते काम. टेबल पुसणं, मसाला वाटणं, गर्दीत कुणाचं बिल राहिलंय ते ओळखणं. धंदा वेगळा शिकावा लागतो. तो शिकायला घरच्या हॉटेलासारखी जागा नाही, हे बारावीनंतर 'पुढे काय' म्हणत बसलेल्या खान्देशातल्या पोरापोरींना सांगायचंय.

आमचं हॉटेल जळगाव-भुसावळ रस्त्यावर आहे. बारा महिने शेवभाजी, थंडीत भरीत. स्वयंपाकात मला कधीच रस नव्हता, आई त्यावरून अजून टोमणे मारते. मला नाद लागला गल्ल्याचा आणि उधारीच्या वहीचा. कॉलेजात कॉस्टिंग, म्हणजे एखादी वस्तू आपल्याला नेमकी कितीला पडते ते काढणं, शिकवायला लागले, तेव्हा पहिला प्रयोग भरितावर केला. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, गिऱ्हाईकही लांबून येतं, म्हणजे भरितावर आपण भरपूर कमावतो असा घरात सगळ्यांचा समज. वांगी आधी तोलली. मग कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, देठ काढून परत तोलली. किलोभर वांग्यांचं किलोभर भरीत होत नाहीच. वर पात, लसूण, मिरची, शेंगदाणे, सढळ हाताने तेल, आणि ताटात पुन्हापुन्हा मागितल्या जाणाऱ्या कळण्याच्या पुऱ्या. हिशोब मांडल्यावर कळलं की ताटामागे फार नफा उरतच नाही. उरतं ते किलोवर दिलेल्या पार्सलमध्ये, कारण तिथे टेबल अडकत नाही आणि पुऱ्या मोजून जातात. बाबांना वही दाखवली. ते म्हणाले, "गिऱ्हाईक काय टाकून जातं ते पाह्य आधी, मंग आकडे मांड." तेही केलं. पुढच्या हिवाळ्यात पार्सलची खिडकी वेगळी झाली. आकड्यावरून काहीतरी उभं करायची चटक मला तिथे लागली.

पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट म्हणजे माणसांचं कॅलेंडर. आमच्याकडची बरीच पोरं सातपुड्याच्या पायथ्याची. होळीआधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरले की ती गावी जाणारच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निम्मं स्वयंपाकघर रिकामं. यावर चिडणारे मालक मी पाहिलेत, उपयोग शून्य. त्या दिवसांत पदार्थ कमी ठेवायचे. रस्त्याचंही तसंच. चौपदरीकरणात मधे दुभाजक आला आणि पलीकडून जाणारं गिऱ्हाईक सुटलं. नवीन जागा बघताना भाड्याआधी गाडी वळायला जागा कुठे आहे ते बघा.

शिक्षणाबद्दल माझं मत थोडं एकांगी आहे. घरी हॉटेल असेल तर हॉटेल मॅनेजमेंटपेक्षा बी.कॉम. जास्त कामाला येतं. पदार्थाला टिकाऊपणा देऊन पाकिटात विकायचा असेल, तर मात्र अन्नतंत्रज्ञान शिका.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारं केंद्राचं प्राधिकरण, त्याची नोंदणी किंवा परवाना लागतोच. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. साध्या हॉटेलाला जीएसटी 5 टक्के, पण खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. भाव ठरवताना हे विसरलं की नफ्यातून जातं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढ्या अनुदानाची तरतूद आहे. ते प्रक्रिया उद्योगाला आहे, हॉटेलला नाही. म्हणजे काळ्या मसाल्याचं युनिट टाकलं तर विचारायचं. अर्ज सुरू आहेत का, हे कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात कळतं.

आणि घरातून पगार मागा. हे नातेवाइकांना सर्वांत जास्त खटकतं. "स्वतःच्या बापाकडून पगार?" असं मावशी मला चारचौघांत बोलली. पण आई, काका, मी असे सगळे फुकट राबत असलो, तर ताटाचा भाव खोटाच निघणार. उद्या बाहेरचा माणूस ठेवायची वेळ आली की हॉटेल तोट्यात. बाबा आधी हसले. मग मी आईचा पगार वहीत धरून दाखवला, आचाऱ्याला देतो तेवढाच. तो आकडा ते बराच वेळ बघत बसले, आणि त्याच महिन्यात थाळीचा भाव वाढला.