अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस एकट्याने कशी बदलावी

बीड जिल्ह्यात दिवाळी सरली की धडधाकट माणसं ऊसतोडीला निघतात, घरी म्हातारी माणसं राहतात. आमच्या सासूबाईंना (मी त्यांना आत्या म्हणते) अशाच दिवसांत लकवा मारला. उजवी बाजू गेली. घरात हात लावायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा कळलं की माणूस उचलून वळवायचाच नसतो. अंगाखालचं कापड आणि त्याचाच दुमडलेला गुडघा, यांच्या जोरावर हे काम होतं.

एकाच जागी वजन पडून राहिलं की हाडाखालच्या कातडीला रक्त पोचत नाही आणि काही तासांत तिथं इजा सुरू होते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, कानसुद्धा. म्हणून साधारण दर 2 तासांनी कूस बदलायची. कातडी निरोगी आणि गादी चांगली असेल तर रात्रीचं अंतर डॉक्टरांना विचारून वाढवता येतं. खुबा मोडलेला असेल, मणक्याला मार असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर विचारल्याशिवाय वळवूच नका.

आधी कापड. मी आत्यांचंच जुनं नऊवारी लुगडं घेतलं. धुऊन मऊ पडलेलं, चार पदरी घडी केली आणि खांद्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत येईल असं त्यांच्या अंगाखाली आडवं घातलं. पहिल्या दिवशी त्या डाव्या हातानं त्याचा काठ चाचपत राहिल्या. लुगडं ओळखलं होतं त्यांनी. जुनं धोतर किंवा जाड सुती चादरही चालते. बाजेला झोळ पडलेला असेल तर माणूस मधोमध रुततो, वळत नाही. लाकडी पलंग किंवा दिवाण बरा. तो भिंतीपासून पुढं ओढा, दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे.

आता वळवणं. समजा, डाव्या कुशीवर घ्यायचंय.

बोलून सांगा: “आत्या, आता डाव्या अंगावर घेते हं तुम्हाला.” बोलता येत नसलं तरी ऐकू येतं, आणि न सांगता हलवलं की माणूस दचकून अंग ताठ करतो. लघवीची नळी असेल तर ती कुठं अडकणार किंवा ताणली जाणार नाही अशी सैल ठेवा. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी.

पलंगाच्या उजव्या बाजूला उभं राहा. एक पाय पुढं, गुडघे जरा वाकवलेले, पाठ सरळ. कापडाची कड गुंडाळत अंगाजवळ आणा, दोन्ही मुठींत धरा आणि आपलं वजन मागच्या पायावर टाकत वीतभर आपल्याकडे सरकवा. वीतभरच. कडेला उशी लावा, मगच दुसऱ्या बाजूला जा. अंथरूण जमिनीवर असेल तर हेच गुडघे टेकून करायचं, कमरेतून वाकून नाही.

डाव्या बाजूला आलात की त्यांचा डावा हात अंगापासून थोडा बाजूला घ्या, उजवा छातीवर ठेवा. उजवा गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवा. आता तुमचा एक हात त्यांच्या खांद्यामागं, दुसरा खुब्यामागं. “एक, दोन, तीन” म्हणा आणि आपल्याकडे वळवा. दुमडलेला गुडघा झुकला की कंबर आपोआप त्याच्या मागोमाग वळते. नेहमी आपल्याकडेच वळवा, म्हणजे माणूस पडायचा झालाच तर तुमच्या अंगावर थांबतो.

हात धरून मात्र कधीही ओढू नका. सुरुवातीला मी आत्यांचा उजवा हात धरून ओढायची. लकव्यानं खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढलं की सांधा खाली उतरतो. त्यांचा खांदा इतका दुखायला लागला की झंपर घालतानाही डोळ्यांत पाणी यायचं. ते दुखणं माझ्या हातून झालं, म्हणून इतकं सांगते आहे.

वळवल्यावर पाठीमागं उशी लावा. पूर्ण कुशीवर नको, साधारण 30 अंश कललेलं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर थेट भार येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी. खालचा खांदा हळूच थोडा पुढं काढा, कान दुमडला नाही ना बघा, कापडाच्या सुरकुत्या सरळ करा. दम लागला किंवा चेहरा निळसर झाला तर लगेच पाठीवर घ्या, उशाशी उंच करा आणि डॉक्टरांना कळवा.

कूस बदलताना पाठ मोकळी होते, तेव्हाच कातडी बघून घ्या. लाल जागेवर बोट दाबून उचला. रंग क्षणभर फिका होऊन परत आला तर ठीक. तसाच राहिला तर त्या जागेवर आता भार नको. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, मग काळपट जागा बघा, हाताच्या पाठीनं गरम किंवा कडक जागा शोधा. अशी जागा चोळू नका, आतली इजा वाढते. अंगाखाली रबरी रिंगही नको, कडेकडेचा रक्तपुरवठा दाबला जातो. फोड, सोललेली कातडी, वास किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. प्लास्टिकवर घाम साचून कातडी भिजकी होते, त्यावर सुती कापड हवंच. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं थांबत नाही, आणि लाईट गेली की ती हळूहळू बसते. खाली फोमची गादी असू द्या.

मी भिंतीवर खडूनं लिहायची: वेळ, आणि डावी, पाठ, उजवी. आत्यांच्या डाव्या हाताशी एक स्टीलची ताटली नि चमचा ठेवलेला असायचा, हाक मारायला.