डिझेलवरील आलिशान मोटार: महागात पडणाऱ्या या चुका टाळा

डिझेलवर चालणारी आलिशान मोटार मुळात लांब पल्ल्यासाठी घडवलेली असते. इंजिनाचे फेरे कमी असतानाही मिळणारी भरपूर ओढ, केबिनमधील शांतता आणि एका टाकीत कापले जाणारे मोठे अंतर, हे तिचे गुण मोकळ्या रस्त्यावरच फळाला येतात. तरीही अनेक मालक ती रोज चार-पाच किलोमीटरपुरतीच बाहेर काढतात. माझ्या मते या मोटारींवरचे पुष्कळसे मोठे खर्च सदोष भागांमुळे नव्हे, तर अशा वापरामुळे ओढवतात.

याचा पहिला फटका डीपीएफला, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीला बसतो. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन अधूनमधून जास्तीचे डिझेल सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते. या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात आणि ती पूर्ण व्हायला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. मोटार उभी असताना इंजिनाचे फेरे किंचित वाढलेले दिसणे, क्षणाचे मायलेज अचानक घसरणे, उष्ण वास येणे, आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहणे, ही तिची लक्षणे होत. ती दिसत असताना घर आले म्हणून इंजिन बंद करणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. शक्य असेल तर आणखी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने मोटार चालवावी. मात्र थंड इंजिनावर ॲक्सिलरेटर दाबून घाईने गाळणी तापवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या भागाचे, नुकसान होते आणि गाळणीही साफ होत नाही.

रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिले, तर न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. माझ्या स्वतःच्या मोटारीत ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तेव्हा ऑइल कमी होत नाही याचेच मला समाधान वाटले होते. ती माझी चूक होती. पातळ झालेले ऑइल बेअरिंगना आणि टर्बोला पुरेसे वंगण देत नाही, त्यामुळे पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल, तर सर्व्हिसची तारीख येण्याची वाट न पाहता ऑइल बदलावे.

गाळणीचा दिवा लागला म्हणून लगेच नवी गाळणी बसवणे ही दुसरी मोठी चूक. गाळणी का भरली, हे आधी शोधले पाहिजे. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट इंजिनाला पुरेसे तापूच देत नाही. निकामी ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), गाळणीच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक मोजणारा बिघडलेला सेन्सर किंवा त्याची फाटलेली नळी, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), गळका इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), यांपैकी कशामुळेही रिजनरेशन थांबू शकते किंवा काजळी वाढू शकते. मूळ दोष तसाच राहिला, तर नवी गाळणीही काही महिन्यांत भरेल. मेकॅनिकला स्कॅनरवर काजळी आणि राख हे दोन्ही आकडे पाहायला सांगावे, कारण काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही आणि ती बाहेर काढूनच साफ करावी लागते. गाळणी कापून टाकण्याचा सल्ला मात्र कधीही ऐकू नये. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि ती काजळी शेवटी कोणाच्या तरी फुप्फुसांत जाते.

राखेचे प्रमाण ऑइलच्या निवडीवरही ठरते. डब्यावर लिहिलेला ऑइलच्या दाटपणाचा आकडा जुळला की झाले, असे समजू नये. कमी राख देणाऱ्या ऑइलचे उत्पादकनिहाय मान्यताक्रमांक असतात, उदाहरणार्थ मर्सिडीजचा २२९.५१, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४ आणि फोक्सवॅगन-ऑडीचा ५०७.००. आपल्या मोटारीच्या पुस्तिकेतला क्रमांक डब्यावर छापलेला असलाच पाहिजे.

ॲडब्लू, म्हणजे धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण, संपल्यावर बंद केलेले इंजिन बहुतेक मोटारींत पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून उरलेल्या अंतराची पहिली सूचना येताच ते भरावे. ते डिझेलच्या टाकीत पडले, किंवा डिझेलऐवजी पेट्रोल भरले गेले, तर किल्ली फिरवू नये, कारण नुसते इग्निशन चालू केले तरी टाकीतला पंप ते इंधन पुढे ढकलू शकतो. कॉमन रेलमधला, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतला, दाब आधुनिक इंजिनांत २,००० बारच्या आसपास असतो आणि तो दाब निर्माण करणाऱ्या पंपाला डिझेलचेच वंगण लागते. मोटार ओढून न्यावी व टाकी रिकामी करून घ्यावी.

बॅटरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती दुबळी झाली की एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक सूचना एकदम झळकतात. नवी बॅटरी त्याच प्रकारची घ्यावी आणि मोटारीला तशी गरज असल्यास स्कॅनरवर तिची नोंद करून घ्यावी.

जुनी मोटार घेताना सायलेन्सरच्या नळीत आतून बोट फिरवून पाहावे, अर्थात इंजिन थंड असताना. बोटाला दाट काळी काजळी लागली, तर गाळणी फुटलेली किंवा काढून टाकलेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि व्यवहार करण्याआधी ती तपासून घेणे आवश्यक आहे.