वांग गानचांग यांच्यावर लेख लिहायचाय? आधी नावं जुळवून घ्या

चिनी अणुशास्त्रज्ञ म्हटलं की लोक थेट बॉम्बवरच उडी मारतात, मग माणूस राहतो बाजूला आणि नुसता धूर उरतो. तुम्ही तसं करू नका.

पहिलं काम नावांचं. वांग हे आडनाव, चीनमध्ये ते आधी येतं. १९४२ सालचा फिजिकल रिव्ह्यू या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या नियतकालिकातला पेपर शोधाल तर तिथं जुन्या स्पेलिंगने कान चांग वांग दिसेल, ते हेच. आणि १९६१ पासून पुढची १७ वर्षं 'वांग जिंग' नावाने अण्वस्त्रांच्या गुप्त कामात जो माणूस होता तेही हेच. हे जुळवलं नाही तर टाइमलाइनमध्ये मधेच भलंमोठं भोक पडतं आणि वाटतं हे रिटायर झाले की काय!

जन्म १९०७, चांगशू, मग चिंगह्वा विद्यापीठ, हे दोन ओळीत उरका आणि बर्लिनला थांबा. तिथं भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर त्यांच्या गाईड होत्या. बोथे आणि बेकर या जर्मन शास्त्रज्ञांना एक फार आरपार जाणारं रेडिएशन सापडलं होतं, वांग म्हणाले आपण क्लाउड चेंबर लावून बघूया, म्हणजे कणांच्या रेषाच दिसतील, पण बाईंनी काही ते मनावर घेतलं नाही. १९३२ ला चॅडविकने त्यातूनच न्यूट्रॉन शोधला. माझ्या मते लेखाची सुरुवात इथूनच करावी.

दुसरी जागा न्यूट्रिनोची, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडखळणाऱ्या, पकडायला महाकठीण अशा कणाची, इथे घाई करू नका. युद्धामुळे ते शिकवत होते ते जेजियांग विद्यापीठ ग्वेजोऊ प्रांतात हललेलं, हाताशी साधनं नाहीत, म्हणून त्यांनी नुसती आयडिया लिहून पाठवली. साध्या बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो) ऊर्जा तिघांत वाटली जाते त्यामुळे हिशोब लागत नाही, पण बेरिलियम-७ ने स्वतःचाच आतला इलेक्ट्रॉन गिळला तर उरतात दोघंच, लिथियम आणि न्यूट्रिनो, मग लिथियमला बसलेला धक्का मोजला की झालं. अमेरिकेत जेम्स अॅलनने त्याच वर्षी हे करून पाहिलं. फक्त 'वांगनी न्यूट्रिनो शोधला' असं लिहू नका प्लीज, थेट पुरावा १९५६ चा आणि तो राइन्स-कोवनचा.

दुब्नाला, म्हणजे सोव्हिएत रशियातल्या संशोधन संस्थेत, त्यांच्या टीमने बबल चेंबरचे (कणांच्या वाटा बुडबुड्यांनी दाखवणारं यंत्र) हजारो फोटो चाळून अँटी-सिग्मा-मायनस हा प्रतिकण पकडला, तेही घ्या. १६ ऑक्टोबर १९६४ चा लोप नूरचा स्फोट, म्हणजे चीनची पहिली अणुचाचणी, एका परिच्छेदात बसतो. १९८६ ला वांगसह चौघा शास्त्रज्ञांनी मिळून चीनचे नेते डंग शियाओपिंगना पत्र लिहिलं त्यातून ८६३ हा उच्च तंत्रज्ञानाचा सरकारी कार्यक्रम निघाला, हे मात्र बरेच जण विसरतात.

आणि अणुबॉम्ब-उपग्रहाच्या कामासाठी दिलेलं 'दोन बॉम्ब, एक उपग्रह' पदक १९९९ चं, ते गेले डिसेंबर १९९८ ला. म्हणजे 'पदक स्वीकारलं' नाही, मरणोत्तर लिहा.