ग्लूच्या आधी कर्लर लावून बघा

राजारामपुरीत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्न ठरलेल्या मुली यायला लागतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाइल पुढं करतात, "काकी, अशा पापण्या करून द्या की." मी एक्सटेन्शन, म्हणजे पापण्यांना ग्लूनं खोटे केस चिकटवायचं काम, करत नाही. का ते सांगतो. (कोल्हापूरच्या बायका 'सांगतो'च म्हणतात, दुरुस्त करायला बसू नका.)

पाच वर्षांपूर्वी मी एका क्लासला हे काम शिकायला गेलो. सरावाला आम्ही एकमेकींच्याच डोळ्यांवर केस बसवायचो. तीन वेळा काही झालं नाही. चौथ्या वेळी सकाळी उठलो तर डोळे गांधीलमाशी चावल्यागत सुजलेले, आणि त्याच दिवशी घरात भाच्याचं बारसं! खाज सहन होईना म्हणून एकेक खोटा केस ओढून काढला, त्याच्याबरोबर माझाही निघून आला. बाहेरच्या कोपऱ्यात टक्कल पडलं. डॉक्टरांनी ग्लूची ॲलर्जी सांगितली. हा ग्लू सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे फेविक्विकच्याच कुळातला. ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसते असं नाही, वापरता वापरताही अंगात तयार होते. म्हणून "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं" याला अर्थ नाही.

आता तुमच्या पापण्यांकडं बघू. खिडकीच्या उजेडात उभ्या राहा, आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि खाली बघा. केसांची टोकं जरा फिकट आणि बारीक दिसतील, आणि केस सरळ खाली झुकलेले. लांबून त्यांचा निम्मा भाग दिसतच नाही. वरच्या पापणीला साधारण 90 ते 150 केस असतात, रोज दोन-चार गळतात, नवे येतात. "माझ्या पापण्याच नाहीत" म्हणणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना केस असतात, फक्त ते वर वळलेले आणि काळे नसतात. काम तेवढंच आहे.

त्यासाठी कर्लर, म्हणजे पापण्या वर वळवायचा चिमटा, घ्या. चेहरा धुऊन पुसा, पापण्या कोरड्या आणि मस्कारा न लावलेल्या हव्यात. कर्लर उघडा ठेवून मुळाशी न्या, हळूच मिटा आणि थांबा. कातडी चिमटली तर लगेच कळतं, सोडा आणि परत धरा. नीट बसला की दाबून दहा आकडे मोजा. मग थोडं पुढं, मध्यावर, हलक्या हातानं पाच आकडे. ओढायचं अजिबात नाही. मस्कारा लावून मग कर्लर दाबणाऱ्या मुलींचे केस रबराला चिकटून तुटलेले मी बघितलेत. रबराला चीर पडली की रबर बदला. आणि कर्लर काडीपेटीवर गरम करायची ती व्हिडिओतली करामत डोळ्याजवळ करू नका.

मग मस्कारा. ब्रश टिश्यूवर पुसून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. मुळाशी ब्रश डावा-उजवा हलवा आणि तसाच वर न्या. दाटपणा मुळाशी दिसतो, टोकाला एक हात पुरे. जुलैत इथं पाऊस थांबत नाही, मोपेडवरून रंकाळ्यापर्यंत गेलं तरी डोळ्याखाली काळं उतरतं. त्याला ट्यूबिंग मस्कारा बरा, कोमट पाण्यानं सालीसारखा सुटतो, घासावं लागत नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, तीन महिन्यांनी फेका. मैत्रिणीचा वापरू नका, डोळे आल्यावर वापरलेला तर नकोच.

हेअर डाय उरला की "पापण्यांनाही जरा लावा" म्हणणाऱ्या बायका असतात. खोक्यावरचा बारीक मजकूर वाचा : पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, असं त्यात छापलेलं असतं.

आजीचं एरंडेल? केस चमकतात, पण त्यानं वाढतात असं मी तरी सांगणार नाही. डोळ्यात गेलं की तासभर धूसर दिसतं. केस खरोखर वाढवणारं औषध म्हणजे बिमॅटोप्रोस्ट, मूळचं काचबिंदूच्या थेंबांतलं. 0.03 टक्क्याचं पापण्यांसाठी अमेरिकेत 2008 मध्ये मंजूर झालं. पूर्ण फरक दिसायला सोळा आठवडे लागतात, बंद केलं की पापण्या पूर्ववत. कातडी काळवंडू शकते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. ऑनलाइन सिरमच्या घटकांत 'क्लोप्रोस्टेनेट' दिसलं तर तेही त्याच जातीचं, साधं तेल समजू नका. आणि पापण्या एकदम झडायला लागल्या तर पार्लरमध्ये नव्हे, दवाखान्यात जा. कधी थायरॉइड निघतो, कधी पापणीच्या कडेची सूज.

एवढं सांगूनही काहीजणी एक्सटेन्शन करतातच. मग लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आधी कोपऱ्याला दोन-चार केस लावून दोन दिवस थांबा. एका केसाला एकच, हलका, आपल्यापेक्षा दोन-तीन मिलीमीटरच लांब. गुच्छ नको, वजनानं आपला केस मुळातून सुटतो. ग्लू कातडीला लागता कामा नये, काम संपेपर्यंत डोळे घट्ट मिटलेले हवेत, लेन्स आधी काढा. नंतर पापण्या धुवायला घाबरू नका, बिनतेलाच्या क्लिन्झरनं रोज धुवा, नाहीतर कडेला घाण साठते. काढायचे झाले तर रिमूव्हरनं, करणारीकडूनच.

जळजळ किंवा सूज आली तर पाण्यानं धुऊन डॉक्टरांकडं जा, आणि ग्लूच्या बाटलीचा फोटो घेऊन जा. मला डॉक्टरांनी विचारलं, "कुठला ग्लू?" आणि मी सांगितलं, "काळा असतोय बघा."