डेरिव्हेटिव्ह पोरांना दिसायला लागला

ऐरोलीत मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन हे सगळ्यांना तोंडपाठ. का, असं विचारलं की वर्ग गप्प. डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा एका बिंदूपाशी असलेला चढ, आणि तो लिमिटने काढतात. लिमिटमध्ये काहीतरी सतत सरकत असतं, आणि फळ्यावरची आकृती जागची हलत नाही. अडचण तिथेच होती.

म्हणून जिओजेब्रा हे आलेख हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात याची सुरुवात केली. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं.

साइनचा आलेख काढला, त्यावर सरकता बिंदू ए. मग एच नावाचा स्लायडर, म्हणजे सरकवून किंमत बदलायची पट्टी, टप्पा 0.01. ए पासून आडवं एच अंतर पुढे आलेखावर बिंदू बी. दोघांतून जाणारी रेषा, म्हणजे छेदिका, आणि तिचा चढ. एच कमी करत गेलं की छेदिका स्पर्शिकेकडे झुकत जाते आणि चढाचा आकडा एका जागी ठरू लागतो. एच नेमका शून्य केला की रेषा गायब! इथे मी मुद्दाम थांबते. दोन बिंदूंचा एकच झाला, आता चढ म्हणजे शून्य भागिले शून्य. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तो आकडा कुठे चालला होता?" लिमिट म्हणजे नेमका हाच प्रश्न. मला फार आनंद झाला.

पुढे एच 0.01 वर ठेवला. ए चा एक्स आणि रेषेचा चढ हा वाय, असा तिसरा बिंदू घेऊन त्याचा ट्रेस, म्हणजे मागे उमटणारी खूण, चालू केला. ए सरकवला तसा पडद्यावर कोसाइन उमटत गेला.

कोन मात्र रेडियनमध्येच हवेत. अंश घेतले तर चढाला पाय (π) भागिले 180 हा गुणक चिकटतो आणि लाट जवळपास सपाट दिसते.